काका, कोंबडा नको

ती. काका आणि ती. काकू यांस,
क्वीन्स, न्यूयॉर्क येथून आम्हा सर्वांचा शि. सा. न. वि. वि.

डोंबिवलीजवळच्या निळज्यात तुमच्या परसात सहा कोंबड्या आहेत, त्यांत एक कोंबडा सोडावा की सोडू नये, हा तुमचा तंटा आमच्यापर्यंत पोचला. काका सोडा म्हणतात, काकू नको म्हणतात, आणि निवाडा करायचा सातासमुद्रापलीकडच्यांनी, कारण उद्या तुमच्या हातचं जेवायची आमच्यावर पाळी नाही. तर निकाल आधीच सांगून टाकतो: काकूंचं बरोबर आहे. पण काकांचा एकेक मुद्दा उचलूनच पुढे जातो, नाहीतर हे पत्र अर्ध्यावर मिटून फडताळात जाईल.

काकांचा मुख्य आधार असा की कोंबड्यावाचून कोंबडी अंडं घालणार कशी. घालते, काका. तलंग वयात आली की अंडं धरणं हा तिचा स्वतःचा कारभार असतो. अंडं पोटात पुरं व्हायला साधारण २५ तास लागतात, आणि ते कधी धरायचं हे उजेड, दाणा आणि तिची तब्येत यांवर ठरतं. गावठी कोंबडी वर्षाला ६० ते ८० अंडी देते. कोंबडा आणला म्हणून त्यांची ८१ होत नाहीत. तो फक्त अंड्यात जीव धरायची सोय करतो, आणि खायच्या अंड्यात ही सोय म्हणजे अडचणच. फळलेल्या अंड्यातला जीव ऊब मिळाली की वाढू लागतो. त्याला कोंबडीचीच ऊब लागते असं नाही, वैशाखातलं काकूंचं स्वयंपाकघरही त्याला पुरतं. मग तो अर्ध्यावर मरतो आणि अंडं नासतं. म्हणूनच कुक्कुटपालनाचा जुना सल्ला आहे की अंडी खायला किंवा विकायला हवी असतील तर कोंबडा वेगळा ठेवा, उन्हाळ्यात तर नक्कीच. ‘कोंबडा लागलेल्या अंड्यातच ताकद’ हे बाजारातलं बोलणं. बलक गडद दिसतो तो कोंबडीनं खाल्लेल्या पाल्याकिड्यांमुळे, त्यात कोंबड्याचं श्रेय काही नाही. शेजारच्या पलावाच्या टॉवरमधल्या शाकाहारी मंडळींना अंडी विकायची असतील तर आणखी एक आधार देतो. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसात स्थानबद्ध असताना गांधीजींनी आरोग्यावर जे पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी म्हटलंय की न फळलेल्या अंड्यातून पिल्लू होतच नाही, तेव्हा ज्याला दूध चालतं त्याची अशा अंड्याला हरकत नसावी. कोंबडा आणलात की हे गिऱ्हाईक गेलं.

शिवाय खर्च. मोठा पक्षी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम दाणा फस्त करतो, म्हणजे वर्षाला चाळीसेक किलो. एवढं खाऊन नुसता आवाज करणारी माणसंही घराघरांत असतात हे खरं, पण ती आपण मुद्दाम विकत आणत नाही. आणि एका कोंबड्यामागे दहाएक कोंबड्या असाव्यात असा हिशेब धरतात. तुमच्याकडे सहाच. तो सहाजणींच्याच पाठीवर चढत राहणार आणि त्यांची पिसं झडणार.

आता आवाज. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. जपानात नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली कोंबड्यांना अखंड मंद उजेडात ठेवून पाहिलं, आणि त्या म्हणीला पुरवणी जोडली: झाकलं म्हणून कोंबडं आरवायचंही राहत नाही. त्याच्या अंगातच घड्याळ असतं आणि उजाडण्याच्या जवळजवळ दोन तास आधीपासून ते वाजू लागतं. दोन वर्षांनी त्यांनाच असंही दिसलं की कोंबडे एकत्र असले तर सगळ्यात वरच्या मानाचा आधी आरवतो आणि बाकीचे मानाच्या क्रमाने मागून. आपल्याकडच्या उद्घाटनाच्या भाषणांसारखंच, फक्त कोंबड्यांची लवकर आटोपतात. जवळून मोजला तर हा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ते नियम लाउडस्पीकरसारखे गोंगाट डोळ्यांसमोर ठेवून केलेत हे कबूल, पण पलावातल्या सतराव्या मजल्यावर पहाटे चारला दचकून उठलेला माणूस एवढा बारकावा पाहील असं नाही. ‘पहिली लोकल पकडणाऱ्यांची सोय होईल’ म्हणाल, तर गजर एकदाच वाजतो आणि बंद करता येतो. कोंबडा दुपारी वामकुक्षीच्या वेळीही आरवतो.

यावर काकांचं उत्तर आम्हाला ठाऊक आहे: गाव आधीचं, टॉवर नंतर आले, झोप हवी त्यानं काचा लावाव्यात. हा मुद्दा खरोखर वजनदार आहे, आणि फ्रान्समध्ये तो कोर्टात जिंकलाही आहे. ओलेरों बेटावरच्या मोरीस नावाच्या कोंबड्याविरुद्ध सुट्टीपुरत्या येणाऱ्या शेजाऱ्यांनी दावा लावला. २०१९च्या सप्टेंबरात निकाल कोंबड्याच्या बाजूनं लागला, आणि २०२१च्या जानेवारीत तिथे खेड्यापाड्यातले आवाज आणि वास यांना वारसा मानणारा कायदाच झाला. पण त्या निकालाचा आधार घ्यायचा तर आधी सिद्ध करावं लागेल की निळजे हे खेडं आहे. निळजं ज्यांत मोडतं त्या सत्तावीस गावांचं हे कोडं शासनालाच सुटत नाही. १९८३ला कल्याण-डोंबिवली महापालिकेत घेतली, २००२ला बाहेर काढली, २०१५ला परत आत घेतली, आणि अजून वाद मिटलेला नाही. आपण गावात राहतो की शहरात हे जिथे माणसांना सांगता येत नाही, तिथे कोंबड्यानं कुणाच्या जिवावर आरवायचं? इथे न्यूयॉर्कनं हा घोळ सरळ निस्तरलाय: शहरात कोंबड्या पाळा, कोंबडा पाळायचा नाही. अमेरिकेची टिमकी वाजवतोय असं समजू नका. भिंतीला भिंत लागली की कुठलाही माणूस शेवटी याच तोडग्यावर येतो, एवढंच.

राखणीचा मुद्दा उरतो, आणि तो खोटा नाही. कोंबडा घारीसाठी एक आणि जमिनीवरून येणाऱ्या शत्रूसाठी दुसरी अशी वेगवेगळी हाक देतो, आणि कोंबड्या ती ओळखतात. पण हाक देण्यापलीकडे मुंगसापुढे किंवा भटक्या कुत्र्यांपुढे त्याचं फारसं चालत नाही. बारीक जाळीचं खुराडं आणि दिवेलागणीला न विसरता लावलेली कडी, ही राखण जास्त खात्रीची. पुढारी नसला तर कोंबड्या बिथरतील ही भीतीही नको. टोचाटोची करून कोण कुणाच्या वर हे त्या आपापसात ठरवतात. सासवा-सुना-जावांच्या घरात राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

मग पिल्लं हवी झाली तर? कुणाचा तरी कोंबडा पंधरा दिवस उसना आणावा असं काका सुचवतील. कोंबडी त्याचं बीज दोनेक आठवडे पोटात साठवून ठेवते, म्हणजे हिशेब बसतो. पण उसन्या कोंबड्याबरोबर मानमोडीसारखा रोगही उसना येतो, आणि तो परत करता येत नाही. २०२२च्या फेब्रुवारीत शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला, तेव्हा आसपासच्या धडधाकट कोंबड्याही माराव्या लागल्या, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त आठवत असेल. त्यापेक्षा सहांपैकी एक खुडूक बसली की तिच्याखाली बाहेरून आणलेली अंडी ठेवा. मुरबाडकडच्या माहितीतल्या, निरोगी कोंबड्या असलेल्या घरची ताजी दहा अंडी पुरेत. आठवड्यानं अंधारात बॅटरी लावून बघा, ज्यांत शिरा दिसणार नाहीत ती काढून टाका. एकविसाव्या दिवशी पिल्लं.

आणि इथेच काकांना हसू फुटेल, कारण त्या पिल्लांत निम्मे कोंबडे निघणार. निसर्गानं हा प्रश्न मागच्या दारानं पुन्हा परसात आणून सोडलाच. पण तारखा नीट धरा. पौष पौर्णिमेला मुरबाडजवळच्या म्हसा गावची यात्रा भरते. घोंगडी बघायला काका जातीलच, येताना अंडी घेऊन यावं. माघाच्या सुमारास पिल्लं निघतील. नर चार-पाच महिन्यांचे झाले की आरवायला लागतात, म्हणजे ज्येष्ठापासून. महिना-दोन महिने टॉवरवाल्यांनी सोसावं, तेवढा मान गावाला मिळालाच पाहिजे. तेवढ्यात आषाढ संपतो आणि गटारी येते. दुसऱ्या दिवसापासून श्रावण: काकूंचं सोवळं सुरू, परसात पुन्हा फक्त कोंबड्या, आणि सतराव्या मजल्यावर शांतता.

कळावे, लोभ असावा ही विनंती.
आपला पुतण्या आणि मंडळी

ता. क. नव्या कोंबड्यांपैकी कुणालाही नाव ठेवू नका. नावं ठेवायचीच असली तर आम्हाला ठेवा. नाव ठेवलेला कोंबडा गटारीला कापवत नाही, आणि मग हे पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं.