‘थांबा’ कोण म्हणणार?

रुग्णालयांत नवी संगणक प्रणाली आणायची ठरली, की आधी काय उभं राहतं? कार्यक्रम व्यवस्थापन कार्यालय. खुर्च्या येतात, सल्लागार येतात, हिरव्या-पिवळ्या-लाल रंगांचे साप्ताहिक अहवाल येतात.

निर्णय घेणारा माणूस येत नाही.

अमेरिकेनं याची किंमत मोजली. १ ऑक्टोबर २०१३ ला ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ हे आरोग्य विम्याचं सरकारी संकेतस्थळ ३६ राज्यांसाठी सुरू झालं. पहिल्या दिवशी विम्याची नोंदणी पूर्ण झाली ६ जणांची.

सहा!

कंत्राटदार होते ५५. संसदेच्या समितीपुढे प्रमुख कंपन्या म्हणाल्या, आमचा भाग व्यवस्थित आहे. सगळे भाग जोडून चाचणी मात्र शेवटच्या दोन आठवड्यांत झाली. अंतिम शब्द कुणा एकाचा नाही, हा इशारा मॅकिन्झी या सल्लागार कंपनीनं काही महिने आधीच दिला होता. अधिकाऱ्यांनी तो ऐकलाही. मग ‘तारीख पुढे ढकला’ हे ठामपणे सांगणं कुणाचं काम होतं?

कुणाचंच नव्हतं. म्हणून तर बुडालं.

वाचवलं कुणी? बाहेरून बोलावलेल्या मूठभर जाणकारांनी. गूगलमधून रजा घेऊन आलेल्या मायकी डिकर्सननं बैठकीचे नियमच बदलले. बिघाड ज्याला कळतो त्यानं बोलायचं, हुद्दा मोठा आहे म्हणून कुणी बोलायचं नाही. येत्या एक-दोन दिवसांत जे अंगावर येणार आहे, चर्चा तेवढ्याचीच. डिसेंबर उजाडेपर्यंत संकेतस्थळ बहुतेकांसाठी चालू लागलं. कार्यालय असावं तर असं.

मग सगळी सूत्रं एका हाती दिली की झालं? इंग्लंडला विचारा.

तिथं २००२ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेसाठी भलामोठा संगणकीकरण कार्यक्रम निघाला. केंद्रीय कार्यालय जबरदस्त, कंत्राटं अवाढव्य. पण प्रणाली वरून लादलेली, आणि ती रोज वापरणारे डॉक्टर दाराबाहेर. २००६ मध्ये कंत्राटदार कंपनी ॲक्सेंचर बाहेर पडली, २००८ मध्ये फुजित्सू. सप्टेंबर २०११ मध्ये सरकारनं कार्यक्रम मोडीत काढत असल्याचं जाहीर केलं. अब्जावधी पौंड खर्चून!

त्याच कार्यक्रमातली एक गोष्ट मात्र फत्ते झाली. एक्स-रे आणि स्कॅन पडद्यावर दिसू लागले, २००७ अखेर देशभरातल्या रुग्णालयांत. का? रेडिओलॉजिस्टना ती सोय स्वतःलाच हवी होती.

आपण कुठे आहोत? आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं. १४ अंकी ‘आभा’ आरोग्य क्रमांक हाती आले. आता एकेक रुग्णालय कागद सोडून पडद्याकडे निघालंय, आणि त्यासाठी कार्यालयंही उघडतील.

त्या कार्यालयांत वॉर्डातली सिस्टर आहे का? औषधाच्या खिडकीवरचा फार्मासिस्ट? केसपेपर काढणारा लिपिक? रात्री दोनला सर्व्हर बंद पडला, तर औषधाची नोंद कशावर करायची, हे सिस्टरला माहीत असतं. सल्लागाराला तो प्रश्न पडतही नाही.

तेव्हा नेमणुकीच्या आदेशात पहिलं नाव तिचं घाला. शोभेला नको, अधिकार लेखी द्या. रुग्णाला अपाय होईल असं तिला दिसलं, तर प्रणाली त्या दिवशी सुरू होणार नाही. मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन ठरलेलं असलं, तरीही.