इंटरकूलरला शास्त्रोक्त पाणी घालण्याविषयी

आधी पात्रता पाहू. ज्याच्याकडे टर्बोची गाडी आहे, रविवार मोकळा आहे आणि घरातला गळका नळ दुरुस्त करण्याचं वचन ज्याने गेल्या दिवाळीत दिलेलं आहे, अशा कुणालाही हे काम हाती घेता येईल. नळ गळू द्यावा. पाण्याचा विषय एका वेळी एकच हाताळावा.

गाडी शक्यतो सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स एसटीआय असावी आणि मुक्काम मेलबर्नला. कॉलिन मॅक्रेने 1995 साली इम्प्रेझा पळवून जागतिक रॅली विजेतेपद मिळवलं. तेव्हापासून टार्नीटहून शहरात कामावर निघालेल्या आपल्या माणसालाही वेस्ट गेट पुलावरच्या गर्दीत, पहिल्या गियरमध्ये, आपण केनियाच्या धुळीतून चाललो आहोत असं वाटू शकतं. मार्गदर्शनाचं बाकी सगळं या भावनेवर उभं आहे.

आता थोडं शास्त्र. टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. बाहेर 35 अंश असताना एक बार बूस्ट दिला, तर अगदी आदर्श कॉम्प्रेसरमधूनही हवा शंभरच्या वर तापून निघते. खऱ्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 70 टक्के धरली तर 130 च्या आसपास. गरम हवा विरळ असते, शिवाय इंजिनात नॉकिंगची भीती. म्हणून मध्ये इंटरकूलर. इंजिनात शिरणारी हवा 60 ऐवजी 50 अंशांवर आणली, तर त्याच दाबाला ती सुमारे 3 टक्के दाट होते. या 3 टक्क्यांसाठी माणसं संसार पणाला लावतात.

सुबारूने इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावरच बसवला आहे. ज्याला थंड ठेवायचं त्याला सगळ्यांत गरम जागा. भरपाई म्हणून बॉनेटवर हवा घेणारं तोंड आहे, डिकीत पाण्याची टाकी आहे आणि डॅशबोर्डवर बटण. बटण दाबलं की इंटरकूलरवर बाहेरून फवारा. (बाहेरून! आत पाणी सोडणं हे वेगळं शास्त्र आहे आणि त्याचे बळी वेगळे.)

अडचण अशी की बटण माणसाच्या हाती आहे. माणूस ते चढ संपल्यावर दाबतो, किंवा शेजारी मेव्हणा बसलेला असताना. मित्सुबिशीने लॅन्सर एव्होल्यूशनच्या काही आवृत्त्यांत स्वयंचलित फवाऱ्याची सोय दिली होती. सुबारूवाल्याला झोप न लागण्यास एवढं पुरेसं आहे.

तेव्हा पहिल्या रविवारी बटणाची वायर कापावी आणि तिथे प्रेशर स्विच जोडावा. बूस्ट आला की पाणी सुरू. हा उपाय उत्तम चालतो, इतका की प्रत्येक सिग्नलला टाकी उपसली जाते. मग स्विच काढून इंटरकूलरला थर्मिस्टर चिकटवावा. आता गाडी बूस्टवर कोरडी राहते आणि सुपरमार्केटबाहेर उभी असताना, खालच्या इंजिनाच्या धगीने इंटरकूलर तापला की, सुरू किल्लीवर शांतपणे पाणी सोडते. येणारेजाणारे सांगतात, गाडी गळतेय. त्यांचे आभार मानावेत.

योग्य मार्ग दोन्हींच्या मधला आहे. इंटरकूलर बाहेरच्या हवेपेक्षा किती तापला आहे ते एकीकडून मोजावं, दुसरीकडून इंजिनावर भार किती ते. भारासाठी इंजेक्टरचा सिग्नल घ्यावा: तो जितका वेळ उघडा, तितका भार जास्त. दोन्ही मोठे असतील तरच एका छोट्या मायक्रोकंट्रोलरने, म्हणजे आपल्या नियंत्रकाने, फवारा सोडावा. समजा, फरक 20 अंश झाला की सुरू आणि 12 वर आला की बंद. दोन्ही आकडे एकच ठेवले तर रिले घड्याळासारखा टिकटिकत बसतो.

फवाराही सलग नको. काम वाफ होणारं पाणी करतं, ओघळणारं नाही. सेकंदाला एक ग्रॅम पाणी वाफ झालं तर सुमारे 2.4 किलोवॅट उष्णता घेऊन जातं, आणि तेच ग्रॅम खाली ठिबकलं तर जवळपास काहीच नाही. म्हणून बारीक तुषारांचं नोझल, क्षणभर फवारा, मग थोडी उसंत. नागपूरचा कूलर मे महिन्यात खोली गार करतो आणि मुंबईत नुसती ओल आणतो, तोच न्याय इथे. मेलबर्नला उत्तरेकडून वाळवंटी वारा सुटतो आणि पारा चाळिशीला टेकतो, तो दिवस आपला. पाणी मात्र डिस्टिल्ड घ्यावं, नाहीतर इंटरकूलरच्या पात्यांवर क्षार बसतात.

वायरिंगची घाई करू नये. मायक्रोकंट्रोलरची पिन जेमतेम 20 मिलिअँपिअर देते. पंपाला काही अँपिअर लागतात. मध्ये ट्रान्झिस्टर, त्यावर रिले: कॉइल 85 आणि 86 वर, पंपाचा करंट 30 वरून 87 ला. कॉइलवर उलट दिशेने डायोड, आणि बॅटरीजवळ फ्यूज. फ्यूज विसरणाऱ्यांसाठी वेगळं मार्गदर्शन विमा कंपन्या देतात.

आता चाचणी. पुढच्या सीटवर पत्नीला मोबाईल देऊन बसवावं आणि तापमान मोठ्याने वाचायला सांगावं. फ्रीवेच्या रॅम्पवर पूर्ण दाबावं. काही सेकंदांत शंभरचा वेग येतो आणि त्यापुढे व्हिक्टोरियाचे कॅमेरे आहेत, त्यामुळे पाय उचलावा लागतो. एवढ्याशा अवधीतली उष्णता इंटरकूलरचं ॲल्युमिनियम स्वतःच पोटात घेतं आणि पुढे वाऱ्याला देऊन टाकतं. आपला नियंत्रक हे सगळं अचूक ताडतो. फवारा येत नाही. परतीच्या वाटेवरही येत नाही. शहराच्या हद्दीत, कायदा पाळून चालवलेल्या गाडीत, नीट जमलेला नियंत्रक जवळजवळ कधीच पाणी सोडत नाही.

“चालतंय का?” असं विचारलं जाईल.

“चालतंय.”

“मग पाणी कुठंय?”

यावर भाराचा उंबरठा थोडा खाली आणण्याचा मोह होतो. आणू नये, त्यातून पुन्हा सुपरमार्केट सुरू होतं. त्याऐवजी नियंत्रकाला डावलणारं एक हाती बटण जोडावं. त्यासाठी डॅशबोर्डला नवं भोक पाडू नये. कंपनीने एक बटण दिलेलंच आहे. त्याची कापलेली वायर जोडून रिलेच्या कॉइलवर आणावी. जोडण्याआधी डायोडची दिशा एकदा तपासावी.