वजा पाव
आमच्या आईने मला आयुष्यात एकच शिस्त लावली. पानात काही टाकायचं नाही. कारलं असो, दुधी असो की सकाळच्या पोळ्यांचा कुस्करा असो, ताट असं चकचकीत झालं पाहिजे की धुवायला टाकताना घासणाऱ्या बाईंना वाटावं, हे धुतलेलंच आहे. या शिस्तीमुळे माझी प्रकृती उत्तम झाली आणि बँकेतली नोकरी गेली. म्हणजे लागण्याआधीच गेली.

सांगतो, चहा घ्या तोवर.

2018 साली मी बार्शीहून पुण्याला आलो ते अधिकारी होऊनच परतायचं, असं अख्ख्या गल्लीला सांगून. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा मिळाली. एका खोलीत चार कॉट, एक पंखा आणि त्या पंख्याखाली कुणाची कॉट यावरून रोज मुख्य परीक्षेच्या दर्जाचा वाद. दिवसभर अभ्यासिकेत बसायचं, मेसच्या डब्यातली आमटी आहे की पाणी यावर गटचर्चा करायची आणि रात्री नवं टाइमटेबल आखायचं. टाइमटेबल मी तीन रंगांच्या स्केचपेनांनी आखत असे. ते इतकं देखणं व्हायचं की त्याप्रमाणे अभ्यास करून त्याची नासाडी करावी असं वाटायचंच नाही.

पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक गाठला. जुन्या पुस्तकांच्या ढिगातून बँकिंगचं एक जाडजूड गाईड निम्म्या किमतीत मिळालं, आणि निम्मी किंमत का, हे विचारायचं सोडून मी दुकानदाराला आणखी दहा रुपये कमी करायला लावले. त्यात सरकारी बँकांच्या मुख्यालयांची यादी होती. ती मी पाणी भरताना, दाढी करताना, जिन्यात, संडासच्या रांगेत घोकली. अलाहाबाद बँकेचं मुख्यालय अलाहाबादला नसून कोलकात्याला आहे, सिंडिकेट बँकेचं मणिपालला, कॉर्पोरेशन बँकेचं मंगळुरूला. स्टेट बँक ऑफ बिकानेर अँड जयपूरचं जयपूरला आहे हे पाठ झालं, त्या रात्री मी स्वतःला एक्स्ट्रा ऑम्लेट खिलवलं. दुसऱ्या दिवशी रूमपार्टनर म्हणाला, "भावा, ती बँक 2017 लाच स्टेट बँकेत विलीन झाली की." मग 1 एप्रिल 2019 ला देना आणि विजया बँक ऑफ बडोदात गेल्या. त्याच ऑगस्टअखेरीस आणखी दहा बँकांच्या चार होणार अशी घोषणा झाली. 2017 साली 27 सरकारी बँका होत्या, त्या 2020 च्या एप्रिलपर्यंत 12 उरल्या. मी पाठ करत गेलो आणि सरकार पुसत गेलं. आणि बँकेच्या पूर्वपरीक्षेत हा विषयच नसतो, तिथे फक्त इंग्रजी, गणित आणि रिझनिंग असतं, हे मला तिसऱ्या महिन्यात समजलं.

हा रूमपार्टनर सांगलीकडचा. त्याच्या तोंडी अडचणीच्या प्रसंगी दोनच शब्द असत, "सोड की!" गणित सुटत नाही, सोड की. आमटी खारट आहे, सोड की. सराव परीक्षेत शंभरातले तो चाळीस प्रश्न सरळ सोडून यायचा आणि खाली जाऊन शांतपणे वडापाव खायचा. मला त्याची कीव यायची. चाळीस प्रश्न पानात टाकायचे म्हणजे काय! माझी शंभरच्या शंभर उत्तरं दिलेली असायची आणि मार्क मात्र त्याच्यापेक्षा कमी.

एकदा त्याने वडापावच्या कागदावर मला हिशेब मांडून दाखवला. "पर्याय किती? पाच. चुकलं तर किती जातं? पाव. आता पाच प्रश्न डोळे मिटून मार. नशीब बरं असलं तर एक बरोबर येतंय, चार चुकत्यात. एक मिळाला, चार पाव गेले. खाली काय राहिलं?"

"शून्य," मी म्हणालो.

"मग मेहनत कशाला करायची? सोड की!"

मला ते शंभर टक्के पटलं. पटणं आणि जमणं यांत जिल्ह्याचं अंतर असतं.

मधल्या काळात मावसभावाचं लग्न लागलं, म्हणून गावी गेलो. रिझनिंगमधली ती गोल टेबलाची कोडी तुम्हाला माहीत असतील. आठ माणसं केंद्राकडे तोंड करून बसलेली, अ हा ब च्या डावीकडे तिसरा, क आणि ड शेजारी नाहीत वगैरे. सहा महिने मी याच आठ जणांच्या सहवासात काढले होते. मामांनी हौसेने सांगितलं, "अधिकारीसाहेब, पंगत तुम्ही बसवा." मी वहीत आकृती काढली. थोरले काका आणि मधले काका शेजारी नकोत, कारण बांधाचं भांडण. आत्याला पंख्याजवळ जागा हवी, पण पंख्याजवळ मावशी बसणार नाही, कारण आत्या तिथे आहे. आजोबांना वाढपी दिसला पाहिजे आणि वाढप्याला आजोबा दिसायला नकोत. अर्ध्या तासाने मी मान वर करून जाहीर केलं की दिलेली माहिती अपुरी आहे. तोवर पंगत उठली होती, आणि दोन्ही काका मांडीला मांडी लावून दुसऱ्यांदा मठ्ठा मागून प्यायले होते.

ऑक्टोबर 2019 मध्ये पूर्वपरीक्षा आली. गावाबाहेरच्या कॉलेजात केंद्र. प्रश्न शंभर, वेळ एक तास, प्रत्येक विभागाला वीस मिनिटं, वेळ संपली की तो विभाग आपोआप बंद. इंग्रजी बरं गेलं, गणितही तरून गेलं. रिझनिंगमध्ये वीस प्रश्न सुटले आणि मग स्क्रीनवर ते आले. आठ जण. गोल टेबल. जुने स्नेही भेटावेत तसा मी त्यांच्यात रमलो. सात जण बसले, आठवा उभाच. घड्याळात पन्नास सेकंद उरले तेव्हा पंधरा प्रश्न कोरे होते. मनात रूमपार्टनर म्हणाला, सोड की. मनात आई म्हणाली, पानात टाकू नये. मी पंधराही प्रश्नांना चौथा पर्याय ठोकला आणि माउस ठेवला तेव्हा ताट पुसल्यासारखं लख्ख झालं होतं.

निकालात माझा कट-ऑफ पाव मार्काने हुकला.

रूमपार्टनरने पुन्हा कागद घेतला. "पंधरात तीन बरोबर आली असती तर वजाबाकी शून्य. पण तुझं नशीब बघता दोनच धरू. दोन मिळाले, तेरा पाव गेले, म्हणजे सव्वा मार्क खड्ड्यात. हात बांधून बसला असतास तर एक मार्काने वर होतास लेका." तो स्वतः बरेच प्रश्न सोडून पास झाला, मुलाखतीतही एका प्रश्नाला "माहीत नाही सर" म्हणाला आणि अधिकारी झाला. मी बार्शीला येऊन घरच्या किराणा दुकानात बसलो. वजनकाट्यावर मात्र पाव कुठे चुकत नाही माझा.

परवा दुकानात फ्रीझर घ्यावा म्हणून बँकेतून कर्जाचा फॉर्म आणला. रात्री बसून अख्खा भरला आणि एकदा नजर टाक म्हणून त्याचे फोटो रूमपार्टनरला पाठवले. पाच मिनिटांत फोन आला.

"भावा, शेवटच्या पानावरचा चौकोन कुणी भरला?"

"मीच. का रे?"

"वर काय छापलंय ते वाच."

मी चष्मा लावून वाचलं. केवळ कार्यालयीन उपयोगासाठी.

कर्ज मंजूर करून मी खाली सहीसुद्धा ठोकली होती.