चिंध्यांचं झाड, बांबूच्या टेकूंसह

सॅन होजे, कॅलिफोर्निया
१५ फेब्रुवारी

ती. आई-बाबा,

व्हिडिओ कॉलवर माझ्यामागं जे हिरवं-केशरी काहीतरी लोंबत होतं आणि ज्याला आईनं "वाळलेले कपडे काढ व आधी" म्हटलं, ती गोधडी आहे. भिंतीवर टांगायची. तिच्यातून संत्र्याचं झाड हातभर बाहेर आलंय, फांद्या-फळांसकट.

आईचा पुढचा प्रश्न मला इथं बसून ऐकू येतो: "पांघराले कामी नाही येत, त मंग गोधडी कायची?" आई, इथं अशा बिनकामाच्या गोधड्यांचं मोठं प्रस्थ आहे. आमच्या गावात १९७७ पासून निव्वळ गोधड्या आणि कापडकामाचं संग्रहालय आहे. ओहायोत १९७९ साली अशा कलाकारी गोधड्यांचं प्रदर्शन सुरू झालं, ते चक्क गाईंच्या जुन्या गोठ्यात, आणि आजही दर दोन वर्षांनी तिथंच भरतं. जवळच्या रिचमंडमध्ये रोझी ली टॉम्पकिन्स या टोपणनावानं काम करणाऱ्या एक बाई होत्या, २००६ मध्ये वारल्या. मखमलीचे वाकडेतिकडे तुकडे, एक रेघ म्हणून सरळ नाही, आणि नजर हटत नाही. बर्कलेच्या कलासंग्रहालयानं २०२० मध्ये त्यांच्या गोधड्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. त्यांचं काम पाहिल्यापासून मी वाकडा टाका उसवणं सोडून दिलंय.

इथल्या बायका मात्र दुकानातून महागाचं कोरं कापड आणतात, त्याचे तुकडे करतात आणि मग तेच तुकडे जोडत बसतात. माझ्याकडं तुकड्यांची ददात नाही. ओटीत आलेले ब्लाऊजपीस! त्यांना कोणी शिवत नाही, ते फक्त फिरतात. मंडळाच्या हळदीकुंकवात एक पिवळा मीच दिला होता, तो पुढच्या संक्रांतीला माझ्याच ओटीत आला. त्याची मी संत्री केली. पानं साड्यांच्या काठांची. खोड जावयांच्या जुन्या जीन्सचं, आत तार आणि बकरम.

संत्र्यांवर मात्र मी जीव ओतलाय. आपल्या संत्र्याची साल कशी सैल, अंगठा घातला की सुटते, तशीच शिवली. देठाजवळ एक टिचबटण. ते उघडलं की साल चार पाकळ्यांत मागं पडते आणि आत आईच्या अबोली साडीच्या फोडी, प्रत्येकीत कापूस, वर पांढऱ्या दोऱ्याच्या शिरा. शेजारीण म्हणाली, संत्रं असं ढगळ नसतं. तिच्या डोळ्यापुढं इकडचं घट्ट सालीचं नेव्हल. मी म्हटलं, बाई, आमच्या वरूडला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात, तेव्हा कॅलिफोर्नियाचं मला सांगू नका.

फळं जास्त झाली आणि फांद्या वाकल्या. जावयांनी कागदावर आकृती काढून गुरुत्वमध्य शोधला. तो सापडेपर्यंत फांदी सोफ्याला टेकली होती. मग मी बागेच्या दुकानातून बांबूच्या काड्या आणून टेकू दिले, सुतळीनं बांधून, बाबा देतात तसे. आमच्या गोधडीच्या वर्गाच्या बाई बराच वेळ बघत राहिल्या. या बांबूंमागचा आशय काय, म्हणाल्या. म्हटलं, बहार जोरात आलाय.

बाबा, तुम्ही काय म्हणाल तेही ठाऊक आहे. एकाच झाडावर फूल आणि पिकलं फळ, "ह्या झाडाले ताण कधी देल्ला?" अहो, मृग बहाराची तोड आणि आंबिया बहाराची फुलं आत्ता फेब्रुवारीत गाठ घालतातच की. आणि खोडाला बोर्डो लावलंय. बुंध्याशी फिकट निळ्या कापडाचा पट्टा आहे तो तोच. लोकांना ते आभाळाचं प्रतिबिंब वाटतं. मोरचूद, चुना आणि डिंक्या समजावून सांगायला माझं इंग्रजी पुरत नाही.

पुढच्या महिन्यात झाड इथल्या एका प्रदर्शनात जाईल. तिथं गोधडीला हात लावायची मनाई असते. पांढरे हातमोजे घातलेल्या बायका उभ्या असतात. विनंती केली की दोन बोटांनी कोपरा उचलून मागची बाजू दाखवतात. आई, हे काम तू जन्मभर बिनमोज्यांचं केलंस. कोणाकडंही गेलीस की आधी गोधडी उलटून टाके बघणार, मग चहा. माझी उलटी बाजू तू न पाहिलेलीच बरी, तिथं नुसत्या तारा आहेत.

इकडं कोणी येणार असेल तर गादीवाल्याकडची दोन लांब दाभणं पाठव. इथल्या सुया जीन्सच्या खोडात मोडतात. सोबत मूगवड्या आणि कुरड्या. ब्लाऊजपीस एकही नको. मृगाचा सौदा झाला का, व्यापाऱ्यानं काय भाव दिला, ते बाबांनी कळवावं.

तुमची,
ताई

ता. क. जावई विचारतात, संत्र्याची छाटणी नेमकी कधी करतात? त्यांना सोफ्यावर बसायचंय.