मनातलं, पण बासरीसह

नाशिकच्या शिरवाडकरांनी ‘नटसम्राट’ नाटक लिहिलं, तेव्हा त्यातल्या गणपतराव बेलवलकरांना मनातलं बोलायला कुणाची परवानगी लागत नव्हती. १९७० साली डॉ. श्रीराम लागू रंगमंचावर उभे राहायचे आणि स्वगत सुरू व्हायचं. ऐकायला अख्खं नाट्यगृह समोर होतंच. २०१६ साली सिनेमा आला आणि पंचाईत झाली. पडद्यावर एकटा बोलणारा माणूस वेडा ठरतो. मग नाना पाटेकरांच्या गणपतरावांना विक्रम गोखल्यांचे रामभाऊ मिळाले. मित्रही तेच, श्रोतेही तेच. दोघांची जुगलबंदी झकास, हे कबूलच.

पण अशी सोय प्रत्येक नायकाच्या नशिबी नसते. इतरांच्या वाट्याला ठरलेलं सामान येतं: खिडकी, पाऊस, बासरी आणि डोळ्यांचा क्लोजअप. बासरी लांबली की समजायचं, विचार खोल आहे. तरीही प्रेक्षकावर भरवसा नसेल, तर निवेदक खर्जात सांगतो, ‘तो एकटा होता.’ अहो, दिसतंय की!

दिग्दर्शकांनी एकदा संध्याकाळी नाशिकच्या द्वारका चौकात उभं राहावं. कोंडीत अडकलेला प्रत्येक नाशिककर अस्सल स्वगत म्हणत असतो, तेही बासरीशिवाय. अडचण एवढीच, की ते सेन्सॉर पास करणार नाही.