कोणालाही सांगू नका, फक्त मला सांगा

महिन्याच्या २० तारखेला संध्याकाळी कुठल्याही कर सल्लागाराच्या ऑफिसात डोकावून पाहा. जीएसटीचं मासिक ३बी रिटर्न भरायचा हा शेवटचा दिवस. हिशेब दुपारीच जुळलेला असतो, कराची रक्कमही भरून झालेली असते. राहिलेले असतात फक्त सहा आकडे, आणि ते असतात सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यात उभ्या असलेल्या शेठच्या खिशात.

"शेठ, एक मेसेज आला असंल बघा."
"सकाळपासनं धा आलेत. कुठला सांगू?"
"सगळ्यात शेवटचा."
"शेवटचा गॅसच्या टाकीचा हाय."
"त्याच्या वरचा सांगा."
"त्यो पुसला. म्हटलं फसवणुकीचा असंल."

बी.कॉम. झालेली, लेखापरीक्षणाची स्वप्नं बघणारी पोरं या संवादात दिवस काढतात. ताळेबंद कसा वाचायचा हे त्यांना पुस्तकाने शिकवलेलं असतं. पण शेठच्या चष्म्याचा नंबर काय, ६ आणि ९ मध्ये त्यांची गल्लत होते का, दुपारी फोन उचलतात की झोपतात, हे ज्ञान ऑफिसातच मिळतं. खरी परीक्षा नव्या नोंदणीच्या वेळी असते. जीएसटीची नोंदणी करताना मोबाइलवर एक ओटीपी येतो आणि ईमेलवर दुसरा, वेगळा. मोबाइल शेठकडे असतो, ईमेल पुण्यातल्या मुलाने उघडून दिलेला असतो आणि त्याचा पासवर्ड सुनेला माहीत असतो. म्हणजे धंदा एकाचा, पण तो सरकारदरबारी उभा करायला अख्खं घर एकाच वेळी फोनवर लागतं. एकत्र कुटुंबपद्धती मोडली असं म्हणणाऱ्यांनी हे दृश्य जरूर पाहावं.

२०२५ च्या पूर्वार्धात तर या व्यवसायाची खरी कसोटी लागली होती. फोन लावला की आधी अमिताभ बच्चन यांचा धीरगंभीर आवाज सायबर चोरांपासून सावध करायचा. अनोळखी माणसाला ओटीपी देऊ नका हे देशाला पटवून झालं की पलीकडून शेठ "हॅलो" म्हणायचे, आणि आपला पोरगा विचारायचा, "शेठ, ओटीपी सांगता का?" शतकातल्या महानायकाचा डायलॉग झाल्यावर लगेच आपला म्हणायला छाती लागते.

तरीही शंभरातला एखादा ग्राहक ती सूचना मनावर घेतोच. बहुधा निवृत्त शिक्षक. "मेसेजमध्येच लिहिलंय, कोणालाही सांगू नका. मग तुम्हाला कसा सांगू?" ऑफिसात अशा माणसाची नोंद 'किचकट पार्टी' म्हणून होते. तो सगळ्या नियमांचं पालन करतो, म्हणून त्याचं रिटर्न सर्वात उशिरा जातं. आयकराच्या पोर्टलवर आधारचा ओटीपी १५ मिनिटं टिकतो. गुरुजींचं तत्त्व त्याहून बरंच जास्त टिकतं. उलट चोराने फोन केला की हेच शंभर ग्राहक पहिल्या दमात ओटीपी सांगून मोकळे होतात, कारण चोर गोड बोलतो आणि मागची फी मागत नाही.

यावर काही ऑफिसांनी जालीम उपाय काढला. ग्राहकांच्या खात्यांना स्वतःचेच नंबर लावून टाकले. टेबलावर बटणांचे साधे फोन मांडलेले, प्रत्येकावर चिकटपट्टी: 'सोनार', 'डॉक्टर', 'वीटभट्टी'. एका माणसाच्या नावावर ९ सिमकार्डं घेता येतात, म्हणून बायको, मेहुणा आणि सासरे असे सगळे आपापल्या परीने करव्यवस्थेला हातभार लावतात. याचा फायदा असा की ओटीपीसाठी शेठला त्रास होत नाही. तोटा असा की खात्याची नोटीस आल्याचं शेठला कळतही नाही. आणि शेठने सल्लागार बदलायचं ठरवलं की खरी गंमत सुरू होते. कागद सगळे नव्याकडे येतात, ओटीपी मात्र जुन्याकडेच जात राहतो. मग जुना मोठ्या प्रेमाने विचारतो, "मागची बाकी कधी देताय?"

कायद्याने रस्ताच ठेवलेला नाही असं मात्र नाही. आयकराच्या पोर्टलवर अधिकृत मध्यस्थाला ग्राहक रीतसर आपल्या यादीत जोडून घेता येतो. फक्त त्या संमतीसाठी ग्राहकाच्या मोबाइलवर ओटीपी जातो. कंपन्यांसाठी डिजिटल सहीची सोय आहे. ही सही एका छोट्या डोंगलमध्ये असते, डोंगल मालकाकडेच असावं अशी अपेक्षा असते, आणि ते सल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये रबरबँड लावलेल्या जुडग्यात असतं. पासवर्डही मागच्या बाजूला चिकटवलेला असतो, हरवू नये म्हणून.

ज्याने महिनाभर काहीच धंदा केला नाही, त्याच्यासाठी सरकारने जून २०२० पासून शून्य रिटर्न एसएमएसवर भरायची सवलत दिली. १४४०९ ला मेसेज पाठवायचा, तिकडून सहा आकडे येतात, तेच आकडे परत तिकडे पाठवायचे. ज्याने दिले त्यालाच परत! देशातला हा एकमेव ओटीपी असावा जो बाहेर कोणाला सांगायची गरजच पडत नाही. फक्त त्यासाठी धंदा बुडालेला असावा लागतो.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला. जुन्यातली ८१९ कलमं ५३६ वर आली. विद्वानांनी सुटसुटीतपणाचं स्वागत केलं. ऑफिसातल्या पोराने एवढंच विचारलं, "ओटीपी किती कमी झाले?"

तेव्हा आमची एक नम्र सूचना आहे. ओटीपीच्या मेसेजमधली ताकीद वस्तुस्थितीला धरून लिहावी: 'हा क्रमांक आपले कर सल्लागार, त्यांचा असिस्टंट, असिस्टंट रजेवर असल्यास त्याच्या जागी आलेला पोरगा, आपला पुण्यातला मुलगा, सून आणि ऑफिसचा व्हॉट्सॲप ग्रुप यांच्याव्यतिरिक्त कोणालाही सांगू नये.' अडचण एवढीच की एका एसएमएसमध्ये देवनागरीची ७० अक्षरंच मावतात. त्यापुढे खरं बोलायचं तर दुसऱ्या मेसेजचे पैसे पडतात.