भाडं गेल्यावर काय उरतं?

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी मे महिन्यात ठाण्याजवळच्या दिव्यातली खोली बदलली. चार वर्षांतली तिसरी. टेम्पोत सगळ्यात शेवटी निळा पिंप चढला, अर्धा भरलेला. साठवलेलं पाणी ओतून द्यायचं त्यांच्या जिवावर आलं, आणि नव्या जागी नळ किती वाजता येतो हे कुणी धड सांगत नव्हतं.

अशा घरांना भाडं परवडतं का, हे ठरवायची अभ्यासकांची एक पट्टी आहे. भाडं उत्पन्नाच्या 30 टक्क्यांच्या आत असेल तर परवडतं. हा आकडा कुणाच्या पोटाकडे बघून आलेला नाही. अमेरिकेत 1969 मध्ये सरकारी घरांच्या भाड्याला 25 टक्क्यांची मर्यादा घातली, 1981 मध्ये ती 30 वर नेली, आणि तीच पट्टी बाहेरच्या अभ्यासांतही शिरली. लाख रुपये कमावणाऱ्याने 30 हजार भाडं भरलं तर हातात 70 हजार राहतात. 18 हजार कमावणाऱ्याने 5,400 भरले तर 12,600. त्यातच चौघांचं रेशन, गॅस, शाळेची रिक्षा, सासूची बीपीची गोळी. पट्टी दोघांनाही एकच शेरा देते. मायकेल स्टोन या अमेरिकी अभ्यासकाने कधीच सांगून ठेवलंय, की टक्केवारी सोडा, भाडं दिल्यावर बाकीच्या गरजा भागतात का ते बघा. मला हीच मोजणी प्रामाणिक वाटते.

मुंबईच्या आसपास तर नुसतं भाडं विचारून काहीच कळत नाही. डिपॉझिट भिशीतून उचललेलं असतं. एजंटला द्यायचे ते वेगळे, तेही दर खोलीमागे नव्याने. लाइटचा मीटर मालकाचा, युनिटचा दर तो सांगेल तो. स्वस्त खोली लांब, म्हणून पहाटेची लोकल. मावशींच्या जुन्या मालकाने डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले. त्या भिंतीला अजून ब्रश लागलेला नाही. पाहणीच्या ‘मासिक भाडे’ या रकान्यात यातलं काही बसत नाही.

आणि कागद? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 55. भाडेकरार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मावशींनी तिन्ही खोल्यांत कराराचा कागद डोळ्यांनी पाहिलेला नाही. मालकाने ‘खोली लागणार आहे’ म्हटलं की भांडी गोणीत भरायची.

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. एमएमआरडीएने 2008 मध्ये भाड्याच्या घरांची योजना आणली, 160 चौरस फुटांच्या खोल्या, कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी. पुढे पनवेलजवळ कोनला त्याच योजनेतल्या दोन-दोन खोल्या जोडून गिरणी कामगारांना सोडतीत विकल्या. गिरणी कामगारांचा घरावर हक्क होताच, त्याबद्दल दुमत नाही. पण तो देण्यासाठी भाडेकरूच्या ताटातलं उचलायचं काही कारण नव्हतं.

पुढच्या पाहणीत एवढा एक प्रश्न घाला: भाडं दिल्यानंतर, 20 तारखेला घरात दूध येतं का? मी मावशींना विचारलं. त्यांच्याकडे 15 पासून कोरा चहा असतो.